बोळक्या तोंडाचं व्याकरण

आमच्या आप्पांनी साठाव्या वर्षी परकी भाषा शिकायला घेतली, कारण त्यांचा अपमान झाला होता. अपमान करणारी साडेपाच वर्षांची होती आणि त्यांची सख्खी नात होती.

आप्पा माझे साडू. त्यांची बायको ती माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई. आप्पांचा धंदा कवळ्या बनवण्याचा. तीन दंतवैद्य लोकांच्या जबड्यांचे साचे त्यांच्याकडे पाठवतात आणि आप्पा घराच्या मागच्या खोलीत बसून त्या साच्यांवर मेणाच्या हिरड्या चढवतात, दात लावतात, घासतात, चकाकी आणतात. कवळी टोचायला लागली की लोक ती हातात घेऊन थेट त्यांच्याकडेच येतात. खोलीत पांढऱ्या भुकटीचा थर, फळीवर ओळीने मांडलेले जबडे. नवखा माणूस आत गेला की आपोआप आपलं तोंड मिटून घेतो.

त्यांची मुलगी लांब परदेशात असते. जावई तिकडचाच, नात बोलते तीही तिकडचीच भाषा. एका रविवारी फोनवर नातीने आजोबांना काहीतरी लांबलचक सांगितलं, हातवारे करून, मध्येच उडी मारून. आप्पा म्हणाले, "हो का? वा वा!" तिने काहीतरी विचारलं. आप्पा म्हणाले, "वा वा!" पोरीने जरा वेळ त्यांच्याकडे निरखून पाहिलं, फोन छताकडे तोंड करून पलंगावर ठेवला आणि निघून गेली. आप्पा पाच मिनिटं ते छत बघत बसले होते.

"साडूबुवा," ते दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "छतापर्यंत पोचलो. आता याच्या पुढे जायचं तर भाषा पाहिजे."

मी गाडी शिकवतो. बावीस वर्षं झाली. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसच्या बरोबर वरच्या मजल्यावर भाषेचा क्लास चालतो, त्यामुळे मला 'वेळ नाही' म्हणायची सोयच उरली नाही. आप्पांनी माझंही नाव परस्पर घातलं.

क्लासात आम्ही सहा जण. शिकवणाऱ्या बाई सव्वीस वर्षांच्या, आवाज मात्र हेडमास्तरांचा. पहिल्याच तासाला त्यांनी शेजाऱ्याची ओळख करून द्यायला सांगितली. आप्पा उभे राहिले आणि अडले. त्या भाषेत साडूला शब्दच नाही. भाऊ आहे, मेव्हणा आहे, साडू नाही. आप्पांनी धीर करून 'माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा' असं जुळवायला घेतलं, पण षष्ठीचे प्रत्यय एकमेकांत अडकले आणि मी त्यांच्या बहिणीची बायको झालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका नर्सबाईंनी माझं अभिनंदनही केलं.

पण आप्पांना खरं वेड लागलं ते शुक्रवारच्या शब्दाचं. दर शुक्रवारी बाई फळ्याच्या कोपऱ्यात एक असा शब्द लिहायच्या की जो दुसऱ्या कुठल्याच भाषेत सरळ उतरत नाही. पहिल्या शुक्रवारचा शब्द होता 'पोर्तांद'. म्हणजे 'चला, निघतो' म्हणून उठलेला आणि नंतर पाऊण तास दारातच गप्पा मारत उभा राहिलेला पाहुणा. आप्पांनी वहीत तो तीन वेळा लिहिला. "आपण आयुष्यभर असल्या माणसांना चहा पाजला," ते जिना उतरताना म्हणाले, "आणि त्यांना नाव आहे हे आज कळलं." हे सांगत ते माझ्या ऑफिसच्या दारात पाऊण तास उभे होते.

दुसऱ्या आठवड्यात 'ग्रुमेल' आला. आपण रागावलोय हे घरातल्यांना कळावं म्हणून दुसऱ्या खोलीत मुद्दाम केलेली आदळआपट. आप्पा त्या दिवशी उशिरा घरी गेले. ताई स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवत होती. आप्पा दारात उभे राहून आनंदाने ओरडले, "अगं, तू ग्रुमेल करते आहेस!"

"मी काहीही करत नाहीये," ताई म्हणाली आणि दुसरं झाकण आपटलं.

"हेच ते! बाईंनी अगदी अस्संच सांगितलं होतं!"

त्या दिवशी त्यांना जेवायला कसं मिळालं, ते मी विचारलं नाही.

आठ महिन्यांत आप्पा वाचायला शिकले, लिहायला शिकले. नातीला तीन ओळींची पत्रं धाडू लागले. एकच गोष्ट जमेना. समोरच्याचं बोलणं कानात शिरायचं, पण आत कुठे टेकायचंच नाही. बाई टेप लावायच्या, आम्ही पाच जण धडपडत काहीतरी लिहायचो आणि आप्पांची वही कोरी. "फार भरभर बोलतात हो," ते म्हणायचे. "एक शब्द पकडेपर्यंत चार निसटतात."

अशात बातमी आली की विहीणबाई येताहेत. मुलगी, जावई आणि नात आठ दिवसांनी येणार होते, पण जावयाच्या आईला एकटीने, निवांत प्रवास करायचा होता, म्हणून त्या आधी. लग्न तिकडेच झालं होतं, त्यामुळे दोन्ही घरांची ही पहिलीच भेट. आप्पांनी एकवीस वाक्यं पाठ केली. अकरावं वाक्य 'आपला प्रवास सुखाचा झाला ना?' आणि एकविसावं 'हे घर आपलंच समजा.'

विमानतळावर आम्ही माझी गाडी घेऊन गेलो. शिकाऊ असल्याची पाटी टपावर तशीच, कारण ती नीट निघतच नाही. विहीणबाई उंच, ताठ, पांढरे केस कापलेले, हातात एकच बॅग. आप्पांनी पहिलं वाक्य झकास म्हटलं. त्यावर त्या काहीतरी लांबलचक बोलल्या. या बाईंनी एकतीस वर्षं रेल्वे स्टेशनवर घोषणा केल्या होत्या, हे आम्हाला मुलीने सांगितलं होतं. त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. प्रत्येक शब्द खणखणीत, सुस्पष्ट, आणि एकही कळत नाही.

आप्पा म्हणाले, "हो!"

त्या मागे बसल्या. आप्पा माझ्या शेजारी. वाटेत त्या अधूनमधून विचारत होत्या आणि आप्पा मान वळवून प्रत्येक वेळी उत्साहाने 'हो' म्हणत होते. नंतर बऱ्याच दिवसांनी कळलं की संभाषण असं झालं होतं:

"हे गृहस्थ अजून गाडी शिकताहेत का?"

"हो!"

"यापूर्वी कुठे आपटली वगैरे आहे का?"

"हो, हो!"

"मी उतरून चालत येऊ का?"

"हो! प्रवास सुखाचा झाला ना?"

घरी पोचल्यावर त्या गाडीतून उतरल्या तेव्हा हाताची बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, थंडीने.

जेवण झालं. हसणं, माना डोलावणं, फोटो दाखवणं. ताईला ती भाषा अजिबात येत नव्हती, पण तिचंच सगळ्यात उत्तम चाललं होतं. ती आपली आपल्या भाषेत बोलायची, विहीणबाई त्यांच्या, आणि दोघी मिळून भाजी निवडायला बसल्या. आप्पा मात्र हिरमुसले. "आठ महिने," ते मागच्या खोलीत जाऊन मला म्हणाले. "आठ महिन्यांत मी नुसता 'हो' म्हणायला शिकलो. तो तर मला लग्नापासून येत होता."

दुपारी साडेतीनच्या सुमारास विहीणबाई तोंड धुवायला गेल्या. मी आणि ताई चहा घेत होतो. आतून 'टक' असा आवाज आला. पाठोपाठ एक दबकी किंकाळी. मग विहीणबाई तोंडावर टॉवेल दाबून तरातरा बाहेर आल्या, पाहुण्यांच्या खोलीत शिरल्या आणि आतून कडी लागली.

"अहो विहीणबाई!" ताई दारावर थाप मारत म्हणाली. "काय झालं? लागलं का कुठे?"

आतून आवाज आला. सकाळची ती खणखणीत घोषणा कुठल्या कुठे गेली होती. ओल्या गोधडीच्या आतून कुणी बोलावं तसं काहीसं होतं. मी फोन काढला. त्यात भाषांतर करणारं एक ॲप आहे. फोन दाराला लावला, आतलं बोलणं ऐकवलं. फोनने जरा विचार केला आणि सांगितलं, 'गाढव ओलं आहे. इस्त्री करू नका.'

"मुलीला लावा फोन," ताई म्हणाली. लावला. मुलगी कामाच्या वेळेत फोन कपाटात ठेवते. घंटा वाजत राहिली.

तेवढ्यात आप्पा मागच्या खोलीतून आले, दोन्ही हात भुकटीने पांढरे. आतून पुन्हा काहीतरी ऐकू आलं आणि ते जागच्या जागी थबकले. मान किंचित कलती केली. आठ महिने खरखरणाऱ्या रेडिओवर अचानक स्टेशन लागावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"त्या म्हणताहेत, तुमची काही चूक नाही," आप्पा सावकाश म्हणाले. "मला कुणी बघू नका. परतीच्या पहिल्या विमानाचं तिकीट काढून द्या."

मी फोन खिशात टाकला.

"तुम्हाला कळलं?"

"अक्षर न् अक्षर." आप्पांचे डोळे चमकत होते. "साडूबुवा, कवळी पडली त्यांची. बेसिनमध्ये. वरची. टक आवाज आला ना? दोन तुकडे झाले असणार, मधोमध."

"पण बोललेलं कसं कळलं?"

"चौतीस वर्षं मी बोळक्या तोंडाच्या माणसांशीच बोलतोय. डॉक्टर काय, जज्ज काय, गवंडी काय, माझ्याकडे येताना सगळे बिनदातांचेच येतात. दात गेले की माणूस घाई करत नाही. एकेक शब्द हिरडीवर तोलून बाहेर सोडतो. 'स' कुठे निसटतो, 'त' कुठे लुळा पडतो, मला पाठ आहे. भाषा कुठलीही असो, बोळक्याचं व्याकरण एकच."

ते दाराजवळ गेले आणि विहीणबाईंच्या भाषेत बोलले. अडखळत, पण बोलले. आतून उत्तर आलं. मग आप्पा पुन्हा बोलले आणि आत एकदम सामसूम झाली. वाईट सामसूम.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"त्यांनी विचारलं, सकाळपासून एक शब्द कळत नव्हता तुम्हाला, आता कसं कळतंय?"

"मग?"

"मी म्हटलं, सकाळी तुम्हाला दात होते."

ताईने कपाळाला हात लावला. "अहो, लाजेने आत जाऊन बसलेल्या बाईला असं सांगतात?"

"खरं तेच सांगितलं."

"खरं सांगायला आम्ही तुम्हाला आठ महिने क्लासला पाठवलं का?"

आप्पांना वाईट वाटलं होतं, ते दिसतच होतं. तिथेच पॅसेजमध्ये उभे राहून त्यांनी दाराकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. मग बेसिनवर गेले, हात स्वच्छ धुतले, माझ्याकडे पाठ केली, तोंडात अंगठा घातला आणि काहीतरी काढून कपात ठेवलं.

वळले तेव्हा त्यांचे गाल आत गेले होते.

मी बावीस वर्षं या माणसाच्या दातांचा हेवा करत आलोय. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी ओठ मिटून आणि आप्पा बत्तिशी दाखवून. माझी बायको मला ऐकवायची, "आप्पांकडे बघा, या वयात एक दात हललेला नाही." हलणार कुठून!

"ताई," मी कसाबसा म्हणालो, "हे कधीपासून?"

"माझ्या लग्नाच्या आधीपासून," ताई शांतपणे म्हणाली. "सायकलवरून पडले होते. स्वतःच बनवली, म्हणून तर या धंद्यात पडले. घरात कुणाला सांगू नका, तुमच्या बायकोलासुद्धा. तिच्या पोटात काही राहत नाही."

आप्पा दाराला तोंड लावून बोलू लागले. आता त्यांचाही आवाज तसाच झाला होता, गोधडीतला. मग आतून एक छोटा प्रश्न. आप्पांनी उत्तर दिलं. कडी सरकली. दार चार बोटं उघडलं आणि फटीतून एक निळसर डोळा बाहेर आला. तो आप्पांच्या तोंडावर स्थिरावला. आप्पांनी विनम्रपणे आ करून दाखवला.

आधी खी असा आवाज झाला. मग पुढचा. मग विहीणबाई दारात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या, टॉवेल खाली पडला होता आणि बोळक्या तोंडाने त्या इतक्या मोकळ्या हसत होत्या की सकाळची ती ताठ बाई हीच का, असं वाटावं. आप्पाही हसत होते. दोघांचेही गाल आतबाहेर होत होते. मग विहीणबाईंनी मुठीतला रुमाल उघडला. दोन तुकडे, अगदी मधोमध.

पुढचे अडीच तास दोघं मागच्या खोलीत होते. आप्पांनी तुकडे जुळवून मेणाने धरले, खालून साचा ओतला, भेगेच्या कडा घासून रुंद केल्या, त्यात गुलाबी मसाला भरला, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून झाकण घट्ट केलं. विहीणबाई शेजारी स्टुलावर. बोलणं अखंड. मी दारातून ऐकत होतो. ज्या माणसाची वही आठ महिने कोरी होती तो प्रश्न विचारत होता, हुंकार देत होता, मध्येच चूक झाली की त्या दुरुस्त करत होत्या.

त्यातून आम्हाला नंतर कळलं ते असं. हिरड्यांच्या दुखण्याने त्यांचे दात अकरा वर्षांपूर्वी गेले होते. तेव्हा त्या नोकरीत होत्या. आवाजावर पोट, म्हणून कुणाला सांगितलं नाही. मग मुलालाही सांगायचं राहून गेलं. सुनेला तर नाहीच. अकरा वर्षं त्या एकट्याच, दार लावून दात घासत होत्या. म्हणून प्रवासही एकटीने.

"तुम्हाला सकाळीच कळलं असेल," त्या आप्पांना म्हणाल्या.

"विमानतळावरच," आप्पा म्हणाले. "पुढचे दोन दात एक छटा जास्त पांढरे आहेत. पण आमच्या धंद्यात बघितलेलं बोलायचं नसतं."

आणि आप्पा खरंच बोलले नव्हते. मला नाही, ताईला नाही. मी मात्र तुम्हाला सांगतो आहे, तेव्हा तुमच्यापाशीच ठेवा.

संध्याकाळी कवळी तयार झाली. नुसती सांधली नव्हती. 'स' म्हणताना बारीक शिट्टी वाजायची, तीही आप्पांनी पुढच्या दातांमागची कड किंचित घासून काढून टाकली होती. विहीणबाईंनी ती बसवली, आरशात पाहिलं आणि आप्पांकडे वळून एक लांब, सुंदर, खणखणीत वाक्य बोलल्या.

आप्पा म्हणाले, "हो!"

त्या हसून हसून खाली बसल्या. मग तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या, सावकाश, ओठ आत ओढून. तेव्हा कुठे आप्पांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या सांगत होत्या की आज दुपारी आप्पांनी जे केलं त्याला त्यांच्याकडे एक शब्द आहे: 'लुवेना'. दुसऱ्याची फजिती झाली की आपण होऊन आपलीही करून घ्यायची, म्हणजे तो त्या फजितीत एकटा पडत नाही. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात?

आप्पांनी ताईकडे पाहिलं. ताईने क्षणभर विचार केला. "आगाऊपणा," ती म्हणाली.

त्याचं काही आप्पांनी भाषांतर केलं नाही. विहीणबाईंनी मग ओठ तसेच आत ओढून विचारलं, "पण तुम्ही का काढलेत दात? नुसतं बोलूनही चाललं असतं."

आप्पा खांदे उडवत आपल्याच भाषेत म्हणाले, "उगीच."

"उगीच म्हणजे?"

आणि तिथे आमचं सगळ्यांचं घोडं अडलं. आप्पा म्हणाले, कारण नसताना. त्या म्हणाल्या, पण कारण तर होतं. ताई म्हणाली, कारण असतं, पण ते सांगायचं नसतं तेव्हा उगीच. मी म्हटलं, लाजल्यावर म्हणतात. आप्पा म्हणाले, छे, वाद नको असला की म्हणतात. ताई म्हणाली, आणि 'उगीच बोलू नका' म्हणतो ते? ते वेगळं उगीच. "किती उगीच आहेत?" विहीणबाईंनी वही उघडत विचारलं. आम्ही सातपर्यंत मोजले, मग आमच्या तिघांत भांडण लागलं आणि विहीणबाई मध्ये बसून शांतपणे लिहीत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई उठली तर ओट्यावरची सगळी भांडी घासून पालथी घातलेली. "अहो विहीणबाई, हे कशाला केलंत?" ती हातवारे करत म्हणाली.

"उगीच," विहीणबाई म्हणाल्या. ताईने लगेच मला फोन केला, हे सांगायला.

आठ दिवसांनी मुलगी, जावई आणि नात आले. व्याही मंडळी सोफ्यावर निष्पाप चेहऱ्याने शेजारी शेजारी बसली होती, दातांच्या चारही ओळी जागच्या जागी. जावयाला आश्चर्य वाटलं की आई इतकी कधी कुणाशी बोलत नाही. "तुम्ही काय बोलता एवढं?" त्याने विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्या गंभीरपणे म्हणाल्या, "व्याकरण."

नात आता सव्वासहा वर्षांची होती. ती आली तीच पळत, आप्पांसमोर उभी राहिली आणि भडाभडा काहीतरी सांगू लागली. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा 'वा वा'. पण आप्पा मान कलती करून ऐकत होते. ती थांबल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. त्यांनी दुसरा विचारला. पोरगी आली ती थेट त्यांच्या मांडीवर चढली आणि आणखी सांगू लागली.

विहीणबाई माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवून हसल्या. मी पोरीकडे नीट पाहिलं. तिचे पुढचे चारही दुधाचे दात पडले होते.

क्लासच्या परीक्षेचा निकाल महिनाभराने लागला. लेखीत आप्पा पहिले आले. मी काठावर. तोंडी परीक्षेला बाहेरून एक तरुण परीक्षक आले होते. आप्पा आत गेले आणि दहा मिनिटांत बाहेर आले. सपशेल नापास. बाईंना फार वाईट वाटलं, त्या म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही तर विहीणबाईंशी तासन्‌तास फोनवर बोलता म्हणे. असं कसं झालं?"

"परीक्षकांचे सगळे दात शाबूत होते हो," आप्पा म्हणाले.

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी अर्ज पुढे केला आणि विचारलं, पुन्हा बसणार का?

"बसतो की," आप्पांनी खिशातून पेन काढलं. "मला घाई नाही. तो मुलगा म्हातारा होईपर्यंत थांबेन."